गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : सांगवडे, कोल्हापूर, ५ जून १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायक-नट, नाटककार आणि लेखक होते. संगीत मानापमान या नाटकाच्या चालींमुळे त्यांचे नाव मराठी रसिकांच्या घरोघर पोहोचले. गंधर्व नाटक मंडळीच्या तीन संस्थापक भागीदारांपैकी ते एक होत. अयोध्येचा राजा या पहिल्या मराठी बोलपटाचे ते संगीतकार होते आणि त्यातील हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांनीच केली. तथापि या सर्व कामगिरीच्या मुळाशी त्यांचे हार्मोनियमवादन आहे. परदेशातून आलेल्या आणि भारतीय रागसंगीताला अपुऱ्या मानल्या गेलेल्या या वाद्यातून गायकीचा आभास निर्माण करणाऱ्या पहिल्या पिढीतील वादकांत त्यांची गणना होते.

पार्श्वभूमी

पियानो, ऑर्गन व हार्मोनियम ही तिन्ही पट्ट्यांची वाद्ये युरोपातून भारतात आली. त्यांपैकी पियानो महाराष्ट्रात मुख्यतः इंग्रज, पारशी व ख्रिस्ती कुटुंबांपुरता मर्यादित राहिला. तो जड होता, महाग होता आणि दमट हवेत त्याचे सूर वारंवार उतरत. हार्मोनियमची गोष्ट निराळी झाली. पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ यांनी १८४२ मध्ये या वाद्याचे एकस्व घेतले. मिशनऱ्यांबरोबर ते भारतात आले आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी त्याला भारतीय बैठकीस योग्य असे रूप दिले. पायांनी हवा भरण्याऐवजी मागचा भाता डाव्या हाताने हलवावा आणि उजव्या हाताने पट्ट्या दाबाव्यात, अशी ही रचना होती. जमिनीवर मांडी घालून बसणाऱ्या वादकाला ती सोयीची होती. महाराष्ट्रात तिला बाजाची पेटी किंवा नुसते पेटी म्हणू लागले.

पेटीत पितळी पत्तीवरून हवा गेली की ती पत्ती कंप पावते व सूर उमटतो. पियानोत हातोडी तारेवर आदळते आणि उमटलेला सूर त्या क्षणापासून विरत जातो. पेटीत पट्टी दाबलेली असेपर्यंत व भात्यात हवा असेपर्यंत सूर टिकून राहतो. या गुणामुळे ती गळ्याला जवळची वाटते. मात्र एक उणीव दोन्ही वाद्यांत समान आहे. त्यांचे सूर आधीच ठरलेले असतात. एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाणारी मींड पट्ट्यांवर काढता येत नाही. रागानुसार किंचित चढणारे वा उतरणारे गंधार-धैवतही त्यांतून मिळत नाहीत, कारण सप्तकाचे बारा समान भाग पाडून हे सूर लावलेले असतात. भारतीय रागसंगीताचा प्राण मानले जाणारे काम नेमके या दोन सुरांच्या मधल्या जागेत चालते. तेथे पट्टी नसते. पेटीवादकाला आयुष्यभर या अडचणीशी झगडावे लागते आणि टेंबे यांच्या वादनाचे महत्त्वही याच संदर्भात समजून घ्यावे लागते.

बालपण व संगीताचे संस्कार

टेंबे यांचे बालपण कोल्हापुरात गेले. त्या काळी कोल्हापूर हे संस्थानी आश्रयामुळे कलावंतांचे गाव बनले होते. जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ शाहू महाराजांच्या आश्रयास होते. १८८३ मध्ये स्थापन झालेल्या देवल क्लबात गावातील व बाहेरगावचे गायक-वादक येत आणि रात्र-रात्र बैठका चालत. टेंबे यांच्या मनात गाण्याची गोडी उत्पन्न झाली ती या वातावरणात.

हार्मोनियमचे रीतसर शिक्षण त्यांना कोणाकडून मिळाले नाही. तसे शिक्षण देणारे फारसे कोणी नव्हतेही. सतार, बीन किंवा सारंगीला घराणी होती, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेले बाज होते. पेटीला यांपैकी काहीच नव्हते. उत्तरेत ग्वाल्हेरच्या भैया गणपतराव यांनी ठुमरीच्या अंगाने पेटी वाजवून तिला प्रतिष्ठा मिळवून दिली होती, पण महाराष्ट्रात हे वाद्य अजून नाटकाच्या व भजनाच्या साथीपुरतेच होते. त्यामुळे टेंबे यांना बोटांची ठेवण, भात्याचा दाब आणि सुरांची जोडणी यांचा मार्ग स्वतःच शोधावा लागला. वाद्याला परंपरा नसल्याने त्यांनी गाणाऱ्या गळ्यालाच गुरुस्थानी मानले.

भास्करबुवा बखले यांचा सहवास

टेंबे यांच्या सांगीतिक घडणीत गायनाचार्य भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांचा वाटा सर्वांत मोठा आहे. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तीन घराण्यांची तालीम घेतली होती आणि त्यांच्या गायकीत तिन्हींचा मेळ होता. टेंबे त्यांच्या मैफलींत पेटीची साथ करीत आणि त्यांना गुरू मानीत.

साथ करणे हे वरवर दुय्यम काम वाटते. प्रत्यक्षात साथीदाराला गायकाच्या मनात पुढे काय येणार आहे याचा अंदाज एक क्षण आधी बांधावा लागतो आणि सूर मात्र एक क्षण मागून द्यावा लागतो. तो पुढे गेला तर गायकाची वाट अडते. फार मागे राहिला तर मैफल विस्कळीत होते. गायक श्वास घेण्यासाठी थांबला की ती पोकळी भरायची, पण तो पुन्हा गाऊ लागताच आपण बाजूला व्हायचे, हा साथीचा धर्म आहे. भास्करबुवांसारख्या तीन घराण्यांच्या गायकाची साथ म्हणजे रोजची परीक्षाच होती. टेंबे यांना रागांची मांडणी, बंदिशींचे घाट आणि तानांची गुंफण यांचे ज्ञान झाले ते असे साथीच्या जागेवर बसून ऐकताना.

अल्लादियाखाँ यांच्या गायकीचाही त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. ती गायकी आवर्तनाशी घट्ट बांधलेली, अनवट रागांची व सलग जाणाऱ्या तानांची असल्याने साथीदाराला विशेष कठीण समजली जाते. टेंबे यांनी ती जवळून ऐकली, तिच्यावर विचार केला आणि पुढे खाँसाहेबांचे चरित्र लिहिले.

वादनशैली

साथीदार म्हणून मिळवलेले हे ज्ञान टेंबे यांनी स्वतंत्र वादनात आणले. मैफलीत केवळ पेटी ऐकण्यासाठी श्रोत्यांनी बसावे ही कल्पनाच त्या काळी नवीन होती. पट्ट्यांवर मींड नसल्यामुळे वादकाला ती सुचवावी लागते. मूळ सुराला लगतच्या सुराचा निसटता कण लावणे, खटका व मुरकी यांची हलकी जोड देणे, एक पट्टी पूर्ण सुटण्यापूर्वी दुसरी धरणे आणि भात्याच्या दाबाने सुराचा फुगवटा कमी-जास्त करणे ही त्याची साधने होत. ऐकणाऱ्याच्या कानात गाणे मुरलेले असेल तर सुरांमधली न वाजलेली जागा तो स्वतःच भरून काढतो. टेंबे यांच्या पिढीने पेटीवादनाची कला या तत्त्वावर उभी केली.

पाश्चात्त्य पियानोवादकापुढे संगीतकाराने लिहिलेली संहिता असते आणि तिचा अर्थ लावणे हे त्याचे काम असते. भारतीय पेटीवादकापुढे कागद नसतो. राग, ताल व बंदिशीचा मुखडा एवढ्या सामग्रीवर त्याला त्या क्षणी रचना करावी लागते. त्यामुळे चांगला पेटीवादक हा मनातल्या मनात गायक आणि रचनाकार असावा लागतो. टेंबे यांच्या बाबतीत हा आतला रचनाकार लवकरच रंगभूमीवर प्रकट झाला.

मानापमान

अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या शाकुंतल (१८८०) व सौभद्र (१८८२) या नाटकांपासून मराठी संगीत रंगभूमी बहरली होती. त्या नाटकांतील पदांना साकी, दिंडी, कीर्तन, लावणी आणि कर्नाटकी चालींचा आधार होता. नाटककार स्वतःच चाली निवडीत आणि कथानक सांगत जाण्यासाठी पुष्कळ पदे घालीत.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनी मानापमान हे नाटक किर्लोस्कर नाटक मंडळीसाठी लिहिले, तेव्हा चालींचे काम टेंबे यांच्याकडे आले. टेंबे यांनी उत्तर हिंदुस्थानी ठुमरी, दादरा व कजरी यांचे ढंग आणि रागदारी चिजांचे मुखडे निवडले, ते पेटीवर घोळवले आणि खाडिलकरांपुढे ठेवले. खाडिलकरांनी त्या चालींच्या मापाने पदे रचली. चाल आधी व शब्द नंतर असा हा क्रम होता. त्यामुळे काही पदांत शब्द ओढूनताणून बसवल्यासारखे वाटतात, अशी टीका तेव्हापासून होत आली आहे. दुसरीकडे, पदांना लाभलेली मोकळीक, लवचीकपणा आणि नटाला त्या-त्या जागी विस्तार करण्यास मिळालेली संधी याच क्रमामुळे शक्य झाली, असेही अभ्यासक दाखवून देतात.

नाटकाचा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. भामिनीच्या भूमिकेत नारायण श्रीपाद राजहंस म्हणजेच बालगंधर्व, धैर्यधराच्या भूमिकेत नानासाहेब जोगळेकर आणि लक्ष्मीधराच्या भूमिकेत गणपतराव बोडस होते. त्याच दिवशी बालगंधर्वांच्या लहान मुलीचे निधन झाले होते. तरीही त्यांनी ठरलेला प्रयोग केला. नाटकाला मोठे यश मिळाले. नाट्यपदाला मैफलीच्या चिजेसारखे स्वतंत्र आयुष्य मिळाले आणि नाटक न पाहिलेले लोकही त्या चाली गुणगुणू लागले. चालींची जबाबदारी नाटककाराहून वेगळ्या संगीतकाराकडे सोपवण्याच्या प्रथेलाही या यशाने बळ दिले.

मानापमानचे महत्त्व दहा वर्षांनी पुन्हा एकदा दिसून आले. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व व ललितकलादर्शचे केशवराव भोसले या प्रतिस्पर्धी मंडळ्यांच्या दोन प्रमुखांनी मुंबईत संयुक्त प्रयोग केला. त्यासाठी मानापमान हेच नाटक निवडण्यात आले. केशवरावांचा धैर्यधर व बालगंधर्वांची भामिनी असा हा प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात संस्मरणीय ठरला.

गंधर्व नाटक मंडळी

जोगळेकर यांच्या मृत्यूनंतर किर्लोस्कर नाटक मंडळीत मतभेद वाढले. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी ती सोडून गंधर्व नाटक मंडळीची स्थापना केली. एक गायक-नट, एक गद्य अभिनयात निपुण नट आणि एक संगीतकार अशी ही भागीदारी होती. टेंबे यांनी येथे संगीताबरोबर भूमिकाही केल्या.

ही भागीदारी फार काळ टिकली नाही. काही वर्षांतच टेंबे मंडळीतून बाहेर पडले आणि पुढे बोडसही वेगळे झाले. १९१६ मध्ये गंधर्व मंडळीने रंगभूमीवर आणलेल्या स्वयंवर या नाटकाच्या चाली भास्करबुवा बखले यांनी दिल्या. मानापमानमध्ये ठुमरी-दादऱ्याचा लडिवाळपणा अधिक आहे, तर स्वयंवरमध्ये ख्यालाची घडण अधिक आहे. शिष्याने आधी मोकळ्या केलेल्या वाटेवरून गुरूने नाट्यसंगीत आणखी पुढे नेले, असा हा मराठी रंगभूमीवरील लक्षणीय प्रसंग आहे.

शिवराज नाटक मंडळी

गंधर्व मंडळी सोडल्यावर टेंबे यांनी शिवराज नाटक मंडळी ही स्वतःची संस्था काढली. तिच्यासाठी त्यांनी नाटके लिहिली, त्यांना चाली दिल्या आणि भूमिकाही केल्या. पट-वर्धन व वरवंचना ही त्यांची नाटके होत. फिरत्या नाटक मंडळीत बिऱ्हाड, नट, वादक, आचारी, पडदे व सामान यांचा भार मालकावर असे. एका नाटकाला प्रेक्षक लाभले नाहीत तर सर्व डोलारा कर्जावर चाले. शिवराज मंडळीही दीर्घकाळ टिकली नाही. नाटक कंपनीचे मालक म्हणून टेंबे यांना स्थैर्य लाभले नाही. परंतु लेखन, संगीत, अभिनय व व्यवस्थापन या चारही अंगांचा अनुभव त्यांच्या पुढील आयुष्यात उपयोगी पडला.

चित्रपट

मार्च १९३१ मध्ये आलम आरा हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि चित्रपटसृष्टीला गाणारे नट व संगीतकार यांची तातडीने गरज भासू लागली. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने आपल्या पहिल्या बोलपटासाठी टेंबे यांना बोलावले. व्ही. शांताराम दिग्दर्शित अयोध्येचा राजा १९३२ मध्ये मराठी व हिंदी अशा दोन भाषांत प्रदर्शित झाला. टेंबे यांनी त्याला संगीत दिले व हरिश्चंद्राची भूमिका केली. तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे होत्या.

त्या वेळी पार्श्वगायनाचे तंत्र आलेले नव्हते. नटाला कॅमेऱ्यापुढे अभिनय करता करताच गावे लागे आणि वादक चौकटीच्या बाहेर, ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसत. कोठे एक सूर चुकला तर संपूर्ण दृश्य पुन्हा चित्रित करावे लागे. रंगमंचावर विंगेलगत बसलेल्या पेटीवाल्याच्या इशाऱ्यावर गाण्याची सवय असलेल्या टेंबे यांना ही पद्धत अगदीच परकी नव्हती. मात्र नाटकात एक पद वन्समोअर घेत अर्धा तास चालू शके; चित्रपटात ते काही मिनिटांत संपवावे लागे. सुरुवातीच्या मराठी चित्रपटगीतांना नाट्यसंगीताचा जो घाट मिळाला, त्यात टेंबे यांचा मोठा वाटा आहे.

त्याच वर्षी आलेल्या माया मच्छिंद्र या चित्रपटात त्यांनी मच्छिंद्रनाथाची भूमिका केली. अग्निकंकण, सिंहगड व सैरंध्री या प्रभातच्या चित्रपटांनाही त्यांचे संगीत होते. प्रभात कंपनी पुण्यास गेल्यानंतर तिच्या संगीताची धुरा प्रामुख्याने केशवराव भोळे व मास्तर कृष्णराव यांनी सांभाळली. मास्तर कृष्णराव हे भास्करबुवांचेच शिष्य होते.

लेखन

उत्तरायुष्यात टेंबे यांनी लेखनाकडे अधिक लक्ष दिले. माझा संगीत व्यासंग (१९३९) या ग्रंथात त्यांनी आपण ऐकलेले गायक-वादक, त्यांच्या गायकीची वैशिष्ट्ये आणि स्वतःचा सांगीतिक प्रवास यांचे वर्णन केले. माझा जीवनविहार (१९४८) हे त्यांचे आत्मचरित्र आहे. कल्पना संगीत या ग्रंथात त्यांनी संगीतविषयक विचार मांडले. अल्लादियाखाँ यांचे त्यांनी लिहिलेले चरित्र हे जयपूर-अत्रौली घराण्याच्या अभ्यासकांसाठी महत्त्वाचे साधन आहे. महाश्वेता व जयदेव यांसारख्या संगीतिकाही त्यांनी रचल्या.

या लेखनाचे मूल्य त्यातील साक्षीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक मोठ्या गायकांचे ध्वनिमुद्रण एक तर झाले नाही किंवा तीन-चार मिनिटांच्या तबकड्यांपुरते झाले. भास्करबुवांचे गाणे तर पुढील पिढ्यांना ऐकायलाच मिळाले नाही. अशा वेळी त्या मैफलींत साथीच्या जागेवर बसलेल्या आणि गाण्याचा प्रत्येक सूर बोटांनी अनुसरलेल्या माणसाने लिहिलेले वर्णन हा इतिहासाचा मौल्यवान आधार ठरतो.

हार्मोनियमविषयीचा वाद

टेंबे यांच्या हयातीतच त्यांच्या वाद्यावर टीकेची झोड उठली. तिला दोन बाजू होत्या. एक, हे वाद्य परकीय आहे. दुसरी, त्याच्या समान अंतराच्या सुरांमुळे गायकांचे कान बिघडतात. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल व सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचे संशोधन करून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास श्रुती-हार्मोनियम तयार करवून घेतली; पण तिचा प्रसार झाला नाही. रवींद्रनाथ टागोर यांनाही हे वाद्य मान्य नव्हते. १९४० मध्ये आकाशवाणीने आपल्या केंद्रांवरून हार्मोनियम हद्दपार केली. ही बंदी सुमारे तीन दशके राहिली. १९७१ मध्ये ती अंशतः उठली, तेव्हाही केवळ साथीसाठी सवलत मिळाली. स्वतंत्र वादनावरील निर्बंध त्यानंतरही बराच काळ राहिले.

याचा परिणाम असा झाला, की रेडिओ हे संगीताच्या प्रसाराचे सर्वांत मोठे माध्यम असण्याच्या काळात पेटीवादकांची कला त्यावरून ऐकूच गेली नाही. टेंबे यांच्या आयुष्याची अखेरची पंधरा वर्षे या बंदीच्या काळात गेली. बंदी उठलेली पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

विरोधकांचा आक्षेप शास्त्रदृष्ट्या निराधार नव्हता. मात्र प्रत्यक्ष व्यवहाराने वेगळा निर्णय दिला. ख्यालगायनाच्या मैफलीत सारंगीची जागा हळूहळू पेटीने घेतली आणि श्रुतींबाबत अत्यंत काटेकोर असलेल्या गायकांनीही तिची साथ स्वीकारली. वाद्याची मर्यादा ओळखून ती जाणतेपणाने ओलांडणारे वादक निर्माण झाले, हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

वारसा

महाराष्ट्र, गोवा व बेळगाव या भागांत पेटीवादनाची समृद्ध परंपरा निर्माण झाली. विठ्ठलराव कोरगावकर, पी. मधुकर, रामभाऊ विजापुरे, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन व तुळशीदास बोरकर ही त्यांतील काही नावे होत. प्रत्येकाचा बाज निराळा असला तरी पेटी हे स्वतंत्रपणे ऐकण्याचे वाद्य आहे, ही धारणा रुजवण्याचे श्रेय टेंबे यांच्या पिढीला जाते. स्वतः उत्तम पेटी वाजवणारे पु. ल. देशपांडे यांना टेंबे यांच्याविषयी विशेष आदर होता.

संगीत मानापमानचे प्रयोग एक शतक उलटून गेल्यावरही होत राहिले. मुंबई-पुण्याप्रमाणेच ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील नाट्यसंगीताच्या मैफलींत आजही टेंबे यांच्या चाली गायल्या जातात. गाणाऱ्याचे आणि मूळ नटाचे नाव श्रोत्यांना ठाऊक असते. चाल बांधणाऱ्याचे नाव अनेकदा मागे राहते. साथीदाराच्या वाट्याला येणारी ही नेहमीची स्थिती आहे. तरीही मुखड्याची सम अचूक जागी येते आणि तिच्या आधीच्या निमिषभर थांब्यात पेटी गायकाला वाट करून देते, तेव्हा टेंबे यांनी घालून दिलेला धडा तेथे पाळला जात असतो.

निवडक कार्य

नाट्यसंगीत : मानापमान (१९११)

लिहिलेली नाटके : पट-वर्धन, वरवंचना

संगीतिका : महाश्वेता, जयदेव

चित्रपट : अयोध्येचा राजा (१९३२, संगीत व भूमिका), अग्निकंकण (१९३२, संगीत), माया मच्छिंद्र (१९३२, भूमिका), सिंहगड (१९३३, संगीत), सैरंध्री (१९३३, संगीत)

ग्रंथ : माझा संगीत व्यासंग, माझा जीवनविहार, कल्पना संगीत, अल्लादियाखाँ यांचे चरित्र